खंडेनवमीची भट्टी

सगुणा कोळीच्या नाकावर राग असतो, हे मरोळच्या त्या कारखान्यात वॉचमनपासून शेठपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण सत्त्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर शेठच्या केबिनमध्ये तिला जो राग आला तो नाकावरचा नव्हता. तो तळपायातून निघून मस्तकात गेला, आणि उतरला तेव्हा एका माणसाची नोकरी गेलेली होती.

शेठच्या टेबलावर एक कोर ठेवला होता. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात ज्याच्याभोवती तांब्याच्या तारा गुंडाळतात, ते लोखंडी कडं म्हणजे कोर. या कारखान्यात वर्षानुवर्षं तो सिलिकॉन-पोलादाच्या पत्र्याचा होत आला होता. हा मात्र वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ अशा चकचकीत पट्टीचे शेकडो वेढे घेऊन केलेला होता. सगुणाने कडेची पट्टी दोन बोटांत धरली आणि जराशी दाबली. ती भाजलेल्या पापडासारखी मोडली आणि तुकडे टेबलाच्या काचेवर पसरले. केलेल्या तिन्ही कोरांची हीच गत होती.

"झालं समाधान?" वर्क्स मॅनेजर शरच्चंद्र प्रधान खुर्चीत मागे रेलले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय शेठ, काच ती काच. काचेचे ट्रान्सफॉर्मर होत नसतात."

प्रधानसाहेबांना नव्या गोष्टींचं वावडं होतं असं कुणी म्हणू नये. नवी गोष्ट त्यांना स्वतःला सुचलेली असावी, एवढीच त्यांची अट असे. ही पट्टी सगुणाला सुचली होती.

आणि 'काच' हा शब्दही त्यांनी तिच्याच तोंडून उचललेला. तिने एकदा शेठला सोपं करून सांगितलं होतं. वितळलेल्या लोखंडात बोरॉन आणि सिलिकॉन घालायचं आणि तो रस गरगर फिरणाऱ्या थंडगार तांब्याच्या चाकावर सोडायचा. डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याची पट्टी होते. लोखंड सावकाश निवलं तर त्याचे अणू शिस्तीत रांगा धरतात, स्फटिक बनतात. इथे त्यांना रांग धरायला वेळच मिळत नाही. भर बाजारात माणसं जिथल्या तिथे थिजावीत, तसे ते कसेही उभे राहतात. म्हणून ती काच. रांगा नाहीत, म्हणून चुंबकत्वाला इकडून तिकडे वळताना अडायला जागा नाही, आणि म्हणून अशा कोरात वीज वाया जाते ती पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच.

फक्त एक भानगड होती. पट्टी वळून कोर केला की तिच्या अंगात ताण राहतो. तो घालवायला कोर नायट्रोजनच्या भट्टीत बेताने तापवावा लागतो. बेताने तापवला तर ताण जातो आणि काच काचच राहते. बेत चुकला तर अणूंना हलायला बळ मिळतं आणि ते रांगा धरू लागतात. त्यात आणखी वाईट म्हणजे स्फटिक बनताना आतून स्वतःची उष्णता सुटते, ती शेजारच्या थराला तापवते, तोही बिघडतो. मग भट्टी बंद केली तरी फरक पडत नाही. आणि एकदा स्फटिक झालेली पट्टी निवली म्हणून परत काच होत नाही. ती वितळवून नव्याने ओतावी लागते.

ही पट्टी अमेरिकेहून मागवायला सगुणाने तीन वर्षं प्रधानांशी भांडण केलं होतं. मनोरीच्या कोळीवाड्यातली ती पहिली एमएस्सी. वीज मंडळाचे इंजिनियर दिवाळीच्या आधी कोर बघायला येणार होते, आणि तिच्याजवळ आता जेमतेम एका कोराची पट्टी उरली होती.

"पवईच्या प्रयोगशाळेत पट्टीचा एक्स-रे काढून आणला मी," ती शेठला म्हणाली. तिचा आवाज आताच चढला होता. "सगळे स्फटिक झालेत. पट्टीत दोष नाही. भट्टी तापली. ठरल्यापेक्षा खूप जास्त तापली."

"भट्टीवर कोण होता?" श्यामसुंदर शेठने विचारलं.

"लवू घाडी," दाराशी उभा असलेला फोरमन भीमराज म्हणाला.

लवूला बोलावणं गेलं. लवू घाडी मूळचा कणकवलीकडचा. तीस वर्षं गिरणीत कापडाचे साचे चालवले, संपात गिरणी गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर तो या कारखान्यात बदली कामगार म्हणून भट्टीवर लागला. कारखान्यात सगळे सगुणाला मॅडम म्हणत. शेठ सगुणाबेन म्हणत, प्रधान तर कुत्सितपणे मिस कोळी. एकटा लवू तिला 'बाय' म्हणायचा आणि ती त्याला काका. डब्यात सुकट असली की ती अर्धी त्याच्या डब्यात जायची.

तो हात पुसत आत आला. टेबलावरचे तुकडे पाहून त्याचा चेहरा पडला.

"काका, भट्टीचा काटा किती वर नेलात?" सगुणाने विचारलं.

"काटो तीनशेऐंशीर होतो. थयच होतो. मी खय हलूक नाय, बाय."

"काटा तीनशेऐंशीवर असता तर पट्टी अशी मोडली असती?"

"ता माका कसा कळतला? पण काटो..."

"घरी लवकर जायचं म्हणून बटण फिरवलंत. बरोबर ना? लवकर तापेल, लवकर निवेल. मला प्रधानसाहेबांनी दुपारभर मीटिंगला बसवून ठेवलं होतं, बघणारं कुणी नव्हतं!"

लवूने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. पण सगुणाचं डोकं तेव्हा ठिकाणावर कुठे होतं? तिला समोर दिसत होते ते तीन मेलेले कोर आणि प्रधानांचं ते हसू.

"बटणाक मी हात लावूक नाय," लवू म्हणाला. "काय चुकला असात तर त्या सळयेचा चुकला असात. मी तुका त्याच दिसा सांगलंय..."

"मला काही सांगितलं नाहीत तुम्ही! खोटं बोलू नका!"

भीमराज जमिनीकडे बघू लागला. लवूने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. शेठने हाताने नुसती खूण केली. प्रधानांनी ती लगेच ओळखली. अशा खुणा त्यांना फार पटकन कळत. संध्याकाळच्या आत लवू घाडी डबा काखेत मारून गेटबाहेर गेला. बदली माणूस, त्याला ना नोटीस ना चौकशी.

मार्व्याच्या धक्क्यावर मनोरीला जाणाऱ्या तरीची, म्हणजे होडीची, वाट बघताना सगुणाचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. तिला प्रधानांचा राग होता, लवूचा राग होता, अमेरिकेहून पट्टी यायला लागलेल्या महिन्यांचा राग होता. मनोरीला उतरून ती घरी गेली तर आई, सोनूबाई, ओटीवर फाटकं जाळं घेऊन बसलेली.

"काय झायलं गो तुला?" आईने विचारलं.

"काही नाही."

"काय नाय तं तोंड कला असा?"

पायातल्या चपला भिरकावून सगुणा आईशेजारी बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक ओढून घेतलं. कोळ्याच्या घरात वाढलेल्या पोरीचे हात जाळ्यात आपोआप चालतात. दोरा बोटाभोवती फिरवायचा, फासातून उलटा काढायचा आणि दातात धरून आवळायचा. तिच्या आजीची ही पद्धत, आईने उचललेली, तिच्याकडे आलेली. ओढ पडली की ती गाठ सुटत नाही, उलट घट्ट होते. सगुणा त्या संध्याकाळी गाठींवर राग काढत होती. शेवटी आईने जाळं तिच्या हातातून काढून घेतलं, कारण फास इतके आवळले गेले होते की जाळं त्या जागी चुण्या धरू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भट्टीपाशी एकटीच गेली. उरलेल्या पट्टीचा कोर ती आता कुणाच्या भरवशावर सोडणार नव्हती. बटणं तपासली, नायट्रोजनच्या नळ्या तपासल्या, मग ती भट्टीच्या मागच्या बाजूला गेली. तिथे भिंत आणि भट्टी यांच्यामध्ये एका माणसापुरती फट होती. तिथूनच थर्मोकपलची लांब सळई विटांच्या जाड भिंतीतून भट्टीच्या पोटात जाते. तिच्या टोकाला जेवढी धग लागते तेवढी समोरचा काटा दाखवतो, आणि काट्याच्या सांगण्यावरून भट्टी आपली आपण तापते किंवा थांबते. या मागच्या बाजूला लवूशिवाय सहसा कुणी जात नसे.

सळई दोन बोटं बाहेर होती.

सगुणाने ती आत ढकलली. ढकलेना. तिने वाकून पाहिलं. सळईच्या मुठीशी, भोकाच्या तोंडावर, दोऱ्याचे जाड वेढे होते. एके काळी पिवळा असलेला दोरा भोकाच्या बाजूने करपून तपकिरी झाला होता. त्या वेढ्यांनीच सळई अडली होती. टोक भट्टीच्या पोटात नव्हतंच, विटांच्या भोकात होतं. तिथे धग कमी, म्हणून काटा कमी दाखवत होता, आणि भट्टी बिचारी काट्याचं ऐकून तापत राहिली होती.

"कुठल्या गाढवाने हे..." ती मोठ्याने म्हणाली आणि दोरा तोडायला नख लावलं. गाठ नखाला दाद देईना. तिने ओढलं, तर ती आणखी घट्ट झाली. मग तिने गाठ नीट बघितली. दोरा फासातून उलटा काढलेला होता.

या अख्ख्या कारखान्यात अशी गाठ मारणारं माणूस एकच होतं.

सगुणा भिंतीला टेकून तिथेच खाली बसली. खंडेनवमीचा दिवस तिला आठवला, म्हणजे आठवावाच लागला. शेठची आई, ज्यांना सगळे बा म्हणत, दरवर्षी त्या दिवशी गाडीतून यायच्या, प्रत्येक यंत्राला हळदीचा दोरा आणि झेंडूचा हार पडलाच पाहिजे असा त्यांचा हुकूम असे. भीमराजने ताट आणून सगुणाच्या हातात दिलं. "मॅडम, बाईमाणूस तुम्हीच एकट्या," तो म्हणाला. तिचं पित्त तिथेच खवळलं होतं. तीन वर्षं भट्टी हिची, डोकं हिचं, पण सगळ्यांसमोर ही कोण, तर हळदकुंकवाचं ताट धरणारी बाई! ती दाणदाण पाय आपटत यंत्रांमागून यंत्रं पुजत सुटली. त्यात घरी बापाच्या बोटीची पूजा होती आणि मनोरीची होडी चुकली असती तर आणखी बोलणी बसणार होती.

भट्टीपाशी आली तेव्हा लवूने सळई बाहेर काढून, लख्ख पुसून, फडक्यावर ठेवली होती. गिरणीत तो साच्याचा धोटासुद्धा काढून पुजायचा. "ह्यो भट्टीचो डोळो, बाय," तो म्हणाला होता. "ह्येका पयलो मान." तिने कुंकू टेकवलं, हार बांधला, दोऱ्याचे चार वेढे जास्तच घेतले आणि दातात धरून गाठ आवळली. ती चपला घालत होती तेव्हा मागून त्याने सांगितलं होतं:

"बाय, ह्या पुरा बसना नाय."

आणि तिने घड्याळाकडे बघत उत्तर दिलं होतं: "असू दे हो काका. बसेल. ढकला."

लवूने दसऱ्यानंतर सुकलेली फुलं काढली असणार. दोऱ्याला त्याने हात लावला नव्हता. पूजेचा दोरा हाताने तोडायचा नसतो, तो आपसूक गळू द्यायचा असतो. हे सगुणाच्या घरातही तसंच होतं.

ती उठली. रागाची तिला सवय होती, पण तो आजवर नेहमी बाहेर जायचा, कुणाच्या तरी अंगावर. आज त्याला जायला वाट नव्हती. तिने भट्टीच्या वरच्या झरोक्यातून दुसरी सळई पोटात सोडली आणि भट्टी रिकामीच तापवली. समोरचा काटा तीनशेऐंशीवर शहाण्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या सळईच्या मीटरने चारशे सत्तर दाखवले. काटा खरं सांगत होता, पण ते विटांच्या भोकातलं. आणि लवू खरं सांगत होता.

प्रधानांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी उठून केबिनचं दार लावलं.

"मिस कोळी, हा दोरा कोणाच्या पूजेचा?"

"माझ्या हातचा आहे."

"पूजा कोणाची? बांची. बांच्या पूजेने तीन कोर जळाले, असं मी शेठना सांगू? तुम्ही सांगणार?"

"हो. मी सांगणार."

"ऐका जरा." प्रधानांचा आवाज एकदम मऊ झाला. सगुणाला तो आवाज त्यांच्या ओरडण्याहून घाण वाटला. "लवू काय, बदली माणूस. इथून गेला, साकीनाक्याला लागेल. तुम्ही मात्र आत्ता तोंड उघडलंत तर पट्टीचं काम तुमच्या हातून जाईल. मंडळाचे लोक येतील तेव्हा टेबलाशी तुम्ही नसाल. एक कोर शिल्लक आहे, तो नीट करा. झाला प्रकार कामगाराच्या हलगर्जीपणाचा. सगळ्यांचंच भलं आहे."

आणि खरं सांगायचं तर सगुणा क्षणभर गप्प राहिली. तीन वर्षं होती ती. रात्रंदिवस डोक्यात घोळवलेला एक कोर होता. त्या क्षणभर गप्प राहण्याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त संताप आला.

"तुमच्या भल्याला आग लागो," ती म्हणाली आणि दार धाडकन आपटून निघाली.

लवू असल्फ्याच्या डोंगरावर राहत होता. घाटकोपरच्या बाजूने चढत गेलं की पत्र्याच्या खोल्यांची ती उतरंड सुरू होते. सगुणा धापा टाकत वर पोचली. तिला वाटत होतं, आता सांगितलं की झालं. दोरा तिने कापून पर्समध्ये आणला होता. लवूची बायको रुक्मिणी दारात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, 'या' म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. लवू आत खाटेवर बसलेला होता.

"काका, माझं चुकलं." सगुणाने दोरा त्याच्यापुढे धरला. "हा माझा दोरा. सळई बसत नव्हती ती याच्यामुळे. तुम्ही मला सांगितलं होतंत. तुम्ही खरं बोलत होतात."

लवूने दोऱ्याकडे पाहिलं, हातात घेतला नाही.

"ता माका ठावक आसा," तो म्हणाला. "मी खरा बोललंय ता माका सांगूक तू येवढो डोंगर चढलंस?"

"मी तुम्हाला परत घेऊन जायला आलेय."

"नोकरी गेली त्येचा माका काय नाय. गिरणीची गेली तेव्हा पण मी रडूक नाय." त्याचा आवाज चढत नव्हता, दबत होता, आणि त्यात सगुणाने कधीच न ऐकलेला राग होता. "थय तिघांसमोर तू माका खोटारडो म्हटलंस. शेट, परधान, भीमराज. माझ्या अर्ध्या वयाची तू, माझ्या डब्यातला खाल्लंस. आणि आता हय घरात येऊन माका खरो म्हणतंस? हय खरो म्हणूक माझी बायल आसा."

दारातले तांदूळ थांबले होते.

सगुणाला राग आला. होय, तेव्हाही आला. इथवर आले ना मी, कबूल केलं ना, अजून काय पाहिजे यांना, असं तिच्या ओठापर्यंत आलं. पण त्याच्याकडे बघून तिला ते बोलवलं नाही.

"उद्या सकाळी गेटवर या," ती म्हणाली. "तिथेच बोलते."

दुसऱ्या दिवशी वॉचमनने लवूला अडवलं, तेव्हा सगुणाने त्याला असं झापलं की तो बाजूलाच झाला. ती लवूला घेऊन थेट शेठच्या केबिनमध्ये शिरली. प्रधान तिथे होतेच. भीमराज बाहेर दिसताच तिने त्यालाही हाक मारून आत घेतलं. तिला तिघंही हवे होते, त्याच जागी.

"शेठ, परवा मी या माणसाला तुमच्यासमोर खोटारडा म्हटलं," ती म्हणाली. तिने पर्समधला करपलेला दोरा टेबलावर ठेवला. "खोटी मी होते. खंडेनवमीला सळईला दोरा मी बांधला. ती बसत नाही, असं यांनी मला तेव्हाच सांगितलं. मी ऐकलं नाही. भट्टी नव्वद अंश जास्त तापली ती माझ्यामुळे. काल प्रधानसाहेबांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले गप्प बसा."

"असं मी म्हणालो नाही," प्रधान म्हणाले.

"म्हणालात. आणि मी क्षणभर गप्प बसले सुद्धा."

शेठने बराच वेळ तो करपलेला दोरा उलटसुलट करून पाहिला. देवाच्या वस्तूला नाव ठेवायचं की नाही, या विचारात तो पडलेला दिसत होता.

"बाला कोणी सांगायचा नाय," शेवटी तो म्हणाला. "समजला? लवू, तू भट्टीवर जा. परमनंट करतो तुला, भीमराज कागद बनवेल. सगुणाबेन, तुम्ही टेस्टिंगला बसा. पट्टीचा काम प्रधान बघेल." त्याने दोरा बाजूला सारला. "तुमचा डोका लय तापतो, बेन. भट्टीजवळ नको."

तिने ऐकून घेतलं. भांडायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं, पण भांडायला आधार राहिला नव्हता. प्रधानांनी उरलेली पट्टी, तिचे आकडे, तिचे तीन वर्षांचे हिशेब, सगळं त्याच दिवशी आपल्या खोलीत नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू ती पट्टी त्यांनीच ओतली होती.

शेवटचा कोर भट्टीत गेला तेव्हा सगुणा टेस्टिंगच्या खोलीत जुन्या पोलादी कोरांना तारा जोडत बसली होती. खिडकीच्या काचेतून भट्टीची पाठ दिसत नव्हती. तिला राहून राहून वाटत होतं, उठावं आणि सळई बघून यावं. ती उठली नाही.

कोर निवल्यावर लवू स्वतः ट्रॉलीवरून घेऊन आला. दोघांनी मिळून तो टेबलावर ठेवला. सगुणाने तारा गुंडाळल्या, वीज सोडली, आणि मीटरचा काटा जरासा हलून खालीच थांबला. पोलादी कोर जेवढी वीज खातो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर. तिने परत बंद करून परत सोडली. काटा परत तिथेच.

"काका!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जमलं! बघा ना! काच राहिली, सगळी काच राहिली! सळई पुरी बसली होती ना?"

"पुरी बसलेली, मॅडम," लवू म्हणाला.

ती हसता हसता थांबली. तिला वाटलं, भीमराज दारात आला असेल म्हणून हा असं बोलला. तिने मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"काका, आपण दोघंच आहोत."

"व्हय."

"मग बाय म्हणा की."

लवूने कोराच्या तारा सोडवल्या, एकेक करून, पट्टीला धक्का लागू न देता. कोर त्याने जपून ट्रॉलीवर उचलून ठेवला आणि त्यावर फडकं घातलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सगुणाला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

"ता आता जमाचा नाय, मॅडम," तो म्हणाला. "सही करा. परधानसायब वाट बघतहत."

तिने चाचणीच्या कागदावर सही केली. तो ट्रॉली ढकलत गेला, आणि जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला तेव्हा त्यात आईने दिलेली सुकट होती. ती तिने तशीच झाकून ठेवली.